जुहूच्या चिखलावर उतरलेले विमान

द्वितीय वर्ष, कला

आमच्या पूर्णा गावावरून दिवसरात्र विमाने जातात. गोडाऊनच्या पत्र्यांवर त्यांची सावली पडते नि पुढच्या क्षणी नाहीशी होते. लहानपणी आम्ही पोरे त्यांना हात करीत असू. ही विमाने पूर्वी कोठे उतरत, हा प्रश्न मला कॉलेजात येईपर्यंत पडला नव्हता. ग्रंथालयात जे. आर. डी. टाटांचे चरित्र हाती आले आणि कळले, की मुंबईचा पहिला विमानतळ सांताक्रूझचा नव्हे, तो जुहूचा!

मित्रहो, एका कारखानदाराचे चरित्र मी का लिहितो, असे तुम्ही विचाराल. माझे वडील गोडाऊनमध्ये माल चढवतात-उतरवतात. घरात कॉलेजची पायरी चढणारा मीच पहिला. टाटांचे नि आमचे नाते ते काय? तरीपण या चरित्रातली एक गोष्ट वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो. ती पुढे येईलच.

जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांचा जन्म 29 जुलै 1904 रोजी पॅरिस येथे झाला. वडील पारशी, आई सूझान फ्रेंच. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर हार्देलो या गावी त्यांचे कुटुंब उन्हाळ्यात राही. तेथे शेजारी होते लुई ब्लेरिओ, म्हणजे 1909 साली विमानातून इंग्लिश खाडी ओलांडणारे पहिले वीर! अशा शेजारात वाढलेल्या मुलाला आकाशाचे वेड लागले नसते तरच नवल. पंधराव्या वर्षी तो प्रथम विमानात बसला आणि आपण वैमानिक व्हायचे हे त्याने तेव्हाच ठरवले.

आता ती गोष्ट. जे. आर. डी. ना केंब्रिजला जाऊन इंजिनियरिंग शिकायचे होते. पण वडिलांनी त्यांना मुंबईस बोलावून घेतले. 1925 साली ते टाटांच्या कचेरीत बिनपगारी उमेदवार म्हणून रुजू झाले. पुढच्याच वर्षी वडील वारले नि परतीचा रस्ता बंद झाला. एवढ्या मोठ्या माणसाला पदवी मिळाली नाही, याची खंत त्यांना कायम राहिली.

गेल्या दिवाळीत आमच्या बाबांनीही मला असेच बोलावले होते. गोडाऊनमध्ये नग मोजून वहीत मांडणारा मुलगा हवा होता, पगार बरा होता. एस. वाय. पर्यंत शिकलास, पुरे झाले, असे त्यांचे म्हणणे. मी त्यांना टाटांची गोष्ट सांगितली. बाबांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, की त्याच्या बापाने त्याला खुर्चीवर बसायला बोलावले होते, मी तुला उन्हात उभे राहायला बोलावतो आहे, दोन्ही सारखे कसे? मला उत्तर सुचले नाही. आजही बाबांचेच बरोबर वाटते. श्रीमंताच्या धाडसामागे पैशाची भिंत असते, हे विसरून चरित्रे वाचू नयेत.

तरीही धाडस ते धाडसच. 1928 साली मुंबईत फ्लाइंग क्लब निघाला आणि जुहूच्या मोकळ्या जमिनीवर विमाने उतरू लागली. 10 फेब्रुवारी 1929 रोजी जे. आर. डी. ना वैमानिकाचा परवाना मिळाला. हिंदुस्थानात दिलेल्या परवान्यांत त्याचा क्रमांक होता पहिला! आगाखानांनी इंग्लंड ते हिंदुस्थान किंवा उलट असे एकट्याने उडून जाणाऱ्या हिंदी माणसाला बक्षीस लावले. जे. आर. डी. कराचीहून निघाले. वाटेत इजिप्तमध्ये अबुकीर येथे त्यांना समोरून आलेला स्पर्धक भेटला, सतरा वर्षांचा अस्पी इंजिनियर. स्पार्क प्लगवाचून तो अडकून पडला होता. जे. आर. डी. नी आपले जादा प्लग त्याला देऊन टाकले. काही तासांच्या फरकाने बक्षीस अस्पीला मिळाले! हाच अस्पी पुढे भारताचा हवाईदल प्रमुख झाला. आमच्याकडे परीक्षेच्या आदल्या दिवशी कोणी वही देत नाही, म्हणून हा प्रसंग मुद्दाम लिहिला.

त्या काळी लंडनची हवाई टपाल इंपीरियल एअरवेजच्या विमानाने कराचीपर्यंत येई. पुढे ती मुंबई-मद्रासला विमानाने न्यावी, ही कल्पना नेव्हिल व्हिन्सेंट या वैमानिकाची. दोराबजी टाटांनी काहीशा नाखुशीनेच दोन लाख रुपयांना होकार दिला, पण पहिले उड्डाण पाहायला ते राहिले नाहीत. जून 1932 मध्ये त्यांचे निधन झाले. 15 ऑक्टोबर 1932 रोजी सकाळी कराचीच्या ड्रिघ रोडवरून जे. आर. डी. नी एक इंजिनाचे पस मॉथ विमान उडवले. सोबत टपालाचे ओझे 55 पौंड, म्हणजे पंचवीस किलो. अहमदाबादला पेट्रोल भरायचे होते. ते आले बैलगाडीतून, डब्यांनी! दुपारी दोनच्या आत विमान जुहूला उतरले. तेथून टपाल घेऊन व्हिन्सेंट बेल्लारीमार्गे मद्रासला गेले.

हा विमानतळ म्हणजे काय, तर खाडीलगतची खाजणाची जमीन. पाऊस लागला की पाण्याखाली जाई, मग विमाने, माणसे, सामान सगळा संसार पुण्याला हलवावा लागे. वायरलेस नाही, दिवे नाहीत. तरी पहिल्या वर्षात टाटांच्या विमानांनी 1,60,000 मैल प्रवास केला, 155 उतारू नेले आणि 60,000 रुपये नफा मिळवला.

पुढची कहाणी पुष्कळांना ठाऊक आहे. 1938 साली, चौतिसाव्या वर्षी ते टाटा उद्योगसमूहाचे अध्यक्ष झाले. 1946 मध्ये टाटा एअरलाइन्सची एअर इंडिया झाली, 8 जून 1948 रोजी तिचे विमान मुंबईहून लंडनला निघाले. 1953 साली सरकारने ती ताब्यात घेतली तरी जे. आर. डी. पगार न घेता अध्यक्ष राहिले. विमानातून जाताना खुर्च्या, चहा, पडदे यांतल्या उणिवा ते टिपून ठेवत. फेब्रुवारी 1978 मध्ये केंद्र सरकारने त्यांना अध्यक्षपदावरून दूर केले. पंचेचाळीस वर्षे वाढवलेले लेकरू असे सोडताना त्यांना काय वाटले असेल?

जुहूचेही तसेच झाले. 1948 मध्ये मोठी विमाने सांताक्रूझला गेली. पण दोन्ही धावपट्ट्या शेजारी असल्याने चुकामूक होई. 1953 साली एक कॉमेट विमान नि 1972 साली जपानचे एक जेट सांताक्रूझ समजून जुहूलाच उतरले. जणू वाट चुकून का होईना, कोणीतरी जुन्या घरी आले. 15 ऑक्टोबर 1982 रोजी मात्र एक विमान न चुकता आले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे जे. आर. डी. पन्नास वर्षांपूर्वीचीच वाट धरून, तसल्याच जुन्या लेपर्ड मॉथ विमानातून एकटे कराचीहून आले होते.

1992 साली त्यांना भारतरत्न मिळाले. 29 नोव्हेंबर 1993 रोजी जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले. पॅरिसला, जिथे जन्म झाला तिथेच त्यांची कबर आहे. जानेवारी 2022 मध्ये एअर इंडिया पुन्हा टाटांकडे आली, पण ते पाहायला ते नव्हते.

नाताळच्या सुटीत मी जुहूला जाऊन आलो. विमानतळाला भिंत आहे, आत हेलिकॉप्टरे उतरतात. भिंतीबाहेर उभा राहून मी एक हेलिकॉप्टर उडताना पाहिले नि परतीची बस धरली. रात्री बाबांना सगळे सांगितले. पंचवीस किलोचे ऐकून ते म्हणाले, की ही तर अर्धी गोणी, तेवढ्यासाठी अख्खे विमान? पण बैलगाडीतून पेट्रोल आले हे ऐकून ते जोरात हसले. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुटीत त्यांनी ती गोष्ट साथीदारांना सांगितली, आणि घरी येऊन मला विचारले, की डबे किती होते.