भास्कराचार्यांचा कुट्टक आणि तुमच्या फोनमधला लूप

भास्कराचार्य म्हटलं की बहुतेकांना लीलावतीच्या लग्नाची गोष्ट आठवते. घटिकापात्रात मोती अडकला, मुहूर्त टळला वगैरे. पण ही गोष्ट येते फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतरातून. भास्कराचार्यांच्या ग्रंथात ती नाही. ग्रंथात जे गणित आहे, त्याच जातीचं गणित तुमच्या फोनसाठी ॲप तयार करणारा कंपायलर आजही करतो.

त्यांचा जन्म १११४ चा. गाव विज्जलवीड, सह्य पर्वताच्या आसऱ्याचं. गणित आणि ज्योतिष शिकवलं वडिलांनीच, महेश्वरांनी. वयाच्या ३६ व्या वर्षी, म्हणजे ११५० साली, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ पूर्ण केला. त्याचे चार भाग: लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. पहिल्या दोन्ही भागांत ‘कुट्टक’ आहे.

कुट्टक म्हणजे कुटणारा. आमच्या कुरुंदा-वसमत भागात हळकुंडं कुटून पूड करतात ना, तसंच. मोठ्या संख्यांना एकमेकींनी भागत जायचं, बाकी लहान लहान होत जाते आणि शेवटी उत्तर हाती येतं. ही रीत आर्यभटांपासून चालत आली होती. भास्कराचार्यांनी ती नियम आणि उदाहरणं देऊन नीट मांडली.

ती लागायची कुठे? ग्रह फिरत फिरत पुन्हा शून्यावर येतो. पूर्ण फेऱ्या किती झाल्या ते माहीत नाही, फक्त उरलेला भाग माहीत आहे. मग दिवस किती गेले?

आता कंपायलरकडे या. अनसाइन्ड संख्याही अशीच गोल फिरते. ८ बिटची असेल तर २५५ नंतर थेट ०. समजा लूप ० पासून सुरू होतो, दर वेळी ३ मिळवतो आणि किंमत बरोब्बर १० झाली की थांबतो. ९ नंतर १२, म्हणजे १० हुकलं! पण लूप संपत नाही असं नाही. तो २५५ वरून २ वर येतो, पुढच्या फेरीत २५४ वरून १ वर, मग ४, ७, १०. थांबला!

एकूण किती वेळा फिरला? एलएलव्हीएमसारखा कंपायलर हे लूप चालवून मोजत बसत नाही. त्याला अशी संख्या हवी, जिला ३ ने गुणून २५६ ने भागलं की बाकी १० उरेल. त्यासाठी आधी बाकी १ देणारी संख्या शोधायची: १७१, कारण ३ गुणिले १७१ म्हणजे ५१३, आणि बाकी १. मग १७१ गुणिले १० म्हणजे १७१०. त्याला २५६ ने भागून बाकी १७४. लूप १७४ वेळा फिरतो. हाच कुट्टक! कंपायलर लिहिणाऱ्यांनी लीलावती वाचून हे केलं असं नाही, पण प्रश्न तोच आहे.

३ ऐवजी ४ मिळवले तर? ४ आणि २५६ दोघांनाही ४ ने भाग जातो, १० ला जात नाही. म्हणजे १० कधीच येणार नाही, लूप अनंत. अशा वेळी प्रश्नच चुकीचा समजावा, हा नियमही भास्कराचार्यांनी देऊन ठेवलाय. त्यांच्या काळी यामुळे पंचांगाची आकडेमोड अडली असती. आज ॲप हँग होतं आणि बॅटरी उतरते.

‘करणकुतूहल’ हा त्यांचा ग्रंथ ११८३ चा, म्हणजे वय जवळपास ६९. पुढे त्यांचा नातू चांगदेव यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी झाला. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून १२०७ मध्ये चाळीसगावजवळच्या पाटण इथे त्याच्या मठाला दान मिळालं आणि ते शिलालेखात कोरलं गेलं. तो लेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला.

मोत्याची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. मठ मात्र निघाला होता गणित शिकवायला. कागद-पेन घ्या आणि ३ च्या जागी ७ टाकून बघा. लूप किती वेळा फिरेल?