धुरातून बळ काढणारा माणूस : आल्फ्रेड ब्यूखी



थोरांच्या चरित्रमालेत या वेळी ज्यांची ओळख करून द्यायची आहे, त्यांचे नाव इंजिनांच्या जगात सर्वांना ठाऊक आहे. पण क्रमिक पुस्तकांत ते सहसा आढळत नाही. माझ्याही ते ध्यानात आले एका ट्रकमुळे.

माझे एक मामेभाऊ हैदराबाद-नांदेड मार्गावर मालट्रक चालवतात. त्यांच्या ट्रकचा टर्बो खराब झाला. नवा बसवला, तर पंधरा दिवसांत सायलेन्सरमधून पुन्हा निळा धूर! दुसरा नवा आणला, त्याचेही तेच. मुलीच्या कॉलेज प्रवेशासाठी बाजूला ठेवलेले पैसे त्यात गेले. बसवणारा गॅरेजवाला म्हणे मालच वाईट, आणि विकणारा म्हणे बसवणाराच कच्चा. त्या दिवसांत हा टर्बो मुळात केला कोणी, हे मी शोधू लागलो आणि थेट स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूर गावी जाऊन पोहोचलो (अर्थात पुस्तकांतून!).

आल्फ्रेड ब्यूखी यांचा जन्म याच विंटरथूरमध्ये 11 जुलै 1879 रोजी झाला. झुरिकजवळचे हे गाव कारखान्यांचे. उटीच्या डोंगरावर दातेरी चाकांनी चढणारी वाफेची इंजिने आपण सहलीत पाहतो, त्यांतली जुनी इंजिनेही विंटरथूरच्याच कारखान्यात घडलेली. ब्यूखी यांचे वडील तिथल्या सुल्झर कारखान्यात वरच्या हुद्द्यावर होते. योगायोग असा की, ज्यांच्या नावाने डिझेल इंजिन ओळखले जाते ते रुडॉल्फ डिझेल 1879 सालीच त्या कारखान्यात प्रत्यक्ष कामाचा अनुभव घेत होते. घरात यंत्रांचेच बोलणे, त्यामुळे मुलगा झुरिकच्या तंत्रविद्यालयात गेला यात नवल नाही. 1903 साली तो पदवीधर झाला आणि पुढे काही काळ बेल्जियम व इंग्लंड येथे नोकरी केली.

तरुण ब्यूखींना एक गोष्ट सतत खटकत असे. इंजिनात जाळलेल्या इंधनाच्या उष्णतेचा मोठा हिस्सा धुराबरोबर बाहेर निघून जातो. पैसे देऊन घेतलेले इंधन, आणि त्याची ताकद वाऱ्यावर सोडायची! त्यांनी विचार केला की, या धुराच्या झोताने एक पंखा फिरवावा, त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा बसवावा आणि त्याने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरावी. हवा जास्त गेली की इंधनही जास्त जाळता येते, आणि तेवढ्याच आकाराचे इंजिन अधिक काम करते. 16 नोव्हेंबर 1905 रोजी जर्मनीत या कल्पनेचे पेटंट नोंदले गेले. तेव्हा त्यांचे वय 26 होते.

पुढची वीस वर्षे मात्र परीक्षेची गेली. 1909 मध्ये ते सुल्झरमध्ये डिझेल संशोधनाचे प्रमुख झाले. 1915 साली त्यांनी पहिले नमुना-यंत्र तयार केले, पण त्यात हवेचा दाब टिकेना. तापलेल्या धुरात तग धरणारे धातू आणि इतक्या वेगाला पुरे पडणारी बेअरिंगे तेव्हा सहज मिळत नव्हती. दरम्यान इतर देशांतही प्रयत्न सुरू होते. फ्रान्समध्ये रातो आणि अमेरिकेत मॉस यांनी विमानांसाठी असे यंत्र बनवले. मॉस यांनी तर 1918 मध्ये आपले इंजिन सुमारे 14,000 फूट उंचीच्या पाइक्स पीक शिखरावर नेऊन विरळ हवेत चालवून दाखवले. ब्यूखी मात्र डिझेलची कास सोडायला तयार नव्हते.

1925 साली त्यांना खरी वाट सापडली. सगळ्या सिलिंडरांचा धूर एकाच नळीत कोंबायचा नाही, वेगवेगळ्या नळ्यांतून त्याचे ठोके पंख्यावर पडू द्यायचे. त्यामुळे धुराचा प्रत्येक धक्का कामी आला. पाठोपाठ ‘प्रॉयसेन’ आणि ‘हान्सेश्टाट डान्सिश’ या जर्मन प्रवासी जहाजांवर टर्बो लावलेली दहा सिलिंडरांची इंजिने बसली, आणि 1,750 अश्वशक्तीचे इंजिन 2,500 अश्वशक्ती देऊ लागले. मग कारखानदारांचा विश्वास बसला. विंटरथूरचा रेल्वे इंजिनांचा कारखाना, ब्राऊन बोव्हेरी कंपनी आणि स्वतः ब्यूखी यांनी एकत्र येऊन हे तंत्र जगभर दिले. 1938 मध्ये सौरर या स्विस कंपनीने ट्रकच्या इंजिनाला टर्बो बसवला.

आता आपल्या ट्रकच्या दुखण्याशी ज्याचा संबंध आहे, तो भाग इथून सुरू होतो. पालकांनीही जरा लक्ष द्यावे.

जहाजावरचा टर्बो माणसाएवढा मोठा असू शकतो. अशा अनेक टर्बोंत बेअरिंगसाठी लागणारे तेल त्यांच्या स्वतःच्या कप्प्यातच भरलेले असते. ट्रकचा टर्बो नारळाएवढा. त्यात तेल साठवायला जागा नाही, आणि त्याचा दांडा मिनिटाला लाखभर फेऱ्या घेतो. तो बेअरिंगला टेकलेलाच नसतो, तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. म्हणून त्याला तेल इंजिनाकडून मागून घ्यावे लागते आणि वापरून परत द्यावे लागते. त्यासाठी दोन पाइप लागतात. तेल आणणारा वरचा पाइप बारीक असतो, खालचा परतीचा पाइप जाड.

हा फरक का? घरातला नळ आणि मोरी आठवा. नळाला टाकीचा दाब असतो, म्हणून बारीक पाइप चालतो. मोरीच्या पाण्याला मागून ढकलणारे कोणी नाही, ते उतारानेच जाते, म्हणून तिचा पाइप जाड आणि उतरता हवा. टर्बोत शिरणारे तेल पंपाच्या दाबाने येते. बाहेर पडताना ते ताकासारखे फेसाळलेले असते आणि निव्वळ वजनाने खाली चेंबरमध्ये पडते. परतीचा पाइप शक्य तितका सरळ खाली उतरला पाहिजे. मध्ये कुठे वर चढता कामा नये, वाकून चेपता कामा नये, आणि चेंबरमध्ये तेलाच्या पातळीच्या वरच उघडला पाहिजे. तो तुंबला की टर्बोत तेल साचते आणि दांड्याच्या दोन्ही टोकांना असलेल्या रिंगांपलीकडे झिरपते. एकीकडे ते धुरात जळते, दुसरीकडे हवेबरोबर इंजिनात जाते. निळा धूर दिसतो आणि दोष टर्बोच्या माथी बसतो. इंजिनाचा ब्रीदर बंद असला तरी हेच होते, कारण चेंबरमध्ये दाब वाढून तेल खाली यायलाच तयार नसते.

वरच्या पाइपाचे दुखणे याच्या अगदी उलटे. त्यात जुन्या तेलाची काजळी साचली, किंवा पॅकिंगला लावलेल्या लेपाचा तुकडा अडकला, तर बेअरिंगला तेल मिळत नाही आणि काही क्षणांतच दांडा खरचटतो. म्हणूनच जाणता मिस्त्री नवा टर्बो बसवताना तेलाच्या जोडांना लेप लावत नाही, पाइप साफ करतो किंवा बदलतो, आणि इंजिन सुरू करण्याआधी टर्बोत हाताने स्वच्छ तेल ओततो. चढ चढून आल्यावर इंजिन लगेच बंद करू नये, दोन-तीन मिनिटे सावकाश चालू द्यावे. नाहीतर तापलेल्या टर्बोतले तेल जागच्या जागी जळून कोळसा होते, आणि तोच पुढे पाइपात अडतो.

ब्यूखी यांचे निधन 27 ऑक्टोबर 1959 रोजी विंटरथूरमध्येच झाले. भारतात 1962 पासून आलेली आणि 1964 पासून वाराणसीला बनू लागलेली डब्ल्यूडीएम-2 ही 2,600 अश्वशक्तीची रेल्वे इंजिने टर्बोवरच चालत. आपल्यापैकी ज्यांच्या घरातले कोणी मौला अलीच्या डिझेल शेडमध्ये नोकरीला होते, त्यांना ब्यूखींच्या पंख्याची ती शिट्टी वेगळी सांगायला नको. 1973 च्या तेलटंचाईनंतर जगभर डिझेल वाचवण्याची निकड वाढली आणि ट्रकमध्येही टर्बो झपाट्याने रुळला.

मामेभावांनी तिसरा टर्बो घेण्याआधी ट्रक ऑटोनगरच्या एका वयस्कर मिस्त्रींकडे नेला. त्यांनी टर्बोला हातच लावला नाही. खाली वाकून परतीचा पाइप पाहिला. मूळचा लोखंडी पाइप कधीतरी तुटला होता आणि त्याजागी कोणीतरी साधी रबरी नळी घातली होती. उष्णतेने ती मऊ पडून मधोमध बसली होती, आतून तर अर्धी बंद. त्यांनी योग्य मापाचा पाइप उतार धरून बसवला, ब्रीदर साफ केला, तेल आणि फिल्टर बदलले. सायलेन्सरमध्ये साचलेले जुने तेल जळेपर्यंत दोन दिवस धूर येत राहिला, मग थांबला. दुसऱ्यांदा बदललेला टर्बो अजून त्याच ट्रकवर आहे. पहिला टर्बोही त्यांनी भंगारातून परत आणून त्या मिस्त्रींना दाखवला. त्याची बेअरिंगे शाबूत निघाली.