पदवी नसलेले वैद्य

१९३५ च्या एप्रिलमध्ये गांधीजी हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून इंदूरला गेले होते. त्या मुक्कामात तेथील शेती संशोधन संस्थेत जाऊन त्यांनी कंपोस्ट खताची रीतही पाहिली. अल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनी शेण आणि पालापाचोळा कुजवण्याची बसवलेली ही रीत जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. संमेलनाध्यक्षांचे उकिरड्यापाशी काय काम, असे मला प्रथम वाटले. पण त्यांचे चरित्र वाचताना ध्यानात आले, की हेही त्यांच्या वैद्यकीतच बसत होते. गावातली घाण खत होऊन शेतात गेली, तर रोगाचे मूळच जाते.

खरे तर त्यांना डॉक्टरच व्हायचे होते. वैष्णवाच्या मुलाने प्रेत फाडायचे नाही, म्हणून ते बॅरिस्टर झाले. वैद्यक मात्र सुटले नाही. दक्षिण आफ्रिकेत त्यांनी कुन्हे व जुस्ट या जर्मन निसर्गोपचारकांची पुस्तके वाचली आणि प्रयोग सुरू केले, तेही स्वतःवर आणि घरच्यांवर. १९०२ मध्ये मुंबईत दहा वर्षांच्या मणिलालला विषमज्वर झाला. डॉक्टरांनी अंडी व कोंबडीचा रस्सा सांगितला. गांधीजींनी तो नाकारला. कटिस्नान, संत्र्याचा रस आणि ताप १०४ वर गेल्यावर ओल्या चादरीची घडी, एवढ्यावर मुलगा वाचला. आपल्या उपचारानेच तो वाचला असे ठामपणे सांगता येत नाही, हे त्यांनी स्वतःच मान्य केले आहे. मला हा प्रामाणिकपणा मोठा वाटतो. तरी मुलाच्या जिवाशी खेळलेला हा डाव मला आजही धास्तावतो.

१९१८ मध्ये हगवणीने ते मरणाच्या दारात होते. तेव्हा केळकर नावाचे एक मराठी गृहस्थ अंगाला बर्फ लावण्याचा उपचार घेऊन आले. ते वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले, पण पदवी न घेताच बाहेर पडलेले. गुरु-शिष्य दोघेही बिनपदवीचे! बर्फाने भूक लागू लागली, गांधीजी थोडे चालूही लागले. १९२४ मध्ये अपेंडिक्स सुजले, तेव्हा मात्र पुण्याच्या ससून रुग्णालयात त्यांनी शस्त्रक्रिया करून घेतली.

१९४५ मध्ये डॉ. दिनशा मेहता यांच्या पुण्यातील निसर्गोपचार केंद्राच्या विश्वस्तपदाची जबाबदारी त्यांनी घेतली. पण खेड्यातला गरीब पुण्याला येणार कसा? म्हणून मार्च १९४६ मध्ये ते उरुळी कांचनला जाऊन बसले. माती, पाणी, ऊन, रामनाम आणि गावसफाई, एवढाच औषधांचा साठा. आमच्या वाणिज्याच्या भाषेत सांगायचे, तर भांडवल जवळजवळ शून्य. आठवडाभराने ते निघाले. मणिभाई देसाई मागे राहिले, ते जन्मभर.

पुण्याच्या त्या जागेत १९८६ पासून राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था आहे. कर्नाटकात उजिरे येथे १९८९ मध्ये या विषयाचे पदवी महाविद्यालय निघाले. साडेपाच वर्षांच्या या अभ्यासक्रमात पहिल्याच वर्षी शरीररचनाशास्त्र असते, आणि त्यासाठी प्रेत फाडावे लागते.