एक चिमटा खाली पडला अन् १९ जीव गेले! प्लेगची लस बनवणाऱ्या हाफकिन यांची कहाणी

हाफकिन हे नाव आपल्याकडे गावोगाव माहीत आहे. बाळांना पाजायचे पोलिओचे डोस असोत, नाहीतर साप चावल्यावर द्यायचं इंजेक्शन, मुंबईच्या परळमधल्या हाफकिनचं नाव कुठे ना कुठे येतंच. पण हे नाव कंपनीचं नाही, एका माणसाचं आहे. त्या माणसाने प्लेगपासून लाखो जीव वाचवले, आणि एका बाटलीपायी त्याच्यावर १९ माणसांच्या मृत्यूचा ठपका आला. त्या बाटलीचा नंबर होता ५३-एन.

ओडेसा ते पॅरिस

वाल्देमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी ओडेसा शहरात झाला. हे शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होतं, आज ते युक्रेनमध्ये आहे. घर ज्यू धर्माचं. त्या काळी तिथे ज्यू वस्त्यांवर हल्ले व्हायचे, आणि तरुण हाफकिन आपल्या लोकांच्या रक्षणासाठी उभे राहिले. त्यांना पोलिसांनी पकडलंही होतं. शिक्षणात हुशार, पण ज्यू असल्यामुळे विद्यापीठात वरची जागा मिळेना. धर्म बदलला असता तर मिळाली असती. त्यांनी धर्म बदलला नाही, देश सोडला.

१८८९ मध्ये ते पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये पोहोचले. तिथे सुरुवातीला काम मिळालं ते ग्रंथालयाचं. दिवसा पुस्तकं सांभाळायची आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत बसायचं, असं चालू होतं. त्यातून त्यांनी पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची लस तयार केली. १८ जुलै १८९२ रोजी ती लस त्यांनी सगळ्यात आधी स्वतःलाच टोचून घेतली. आधी आपल्या अंगावर, मग दुसऱ्याच्या, हा नियम त्यांनी पुढेही मोडला नाही.

१८९३ मध्ये ते भारतात आले. कलकत्त्याच्या बस्त्यांत आणि इतर भागांत हिंडून सुमारे ४२ हजार लोकांना त्यांनी पटकीची लस टोचली. लोक घाबरायचे, कुठे कुठे विरोधही व्हायचा. अशा वेळी ते लोकांच्या समोर स्वतःला सुई टोचून घ्यायचे.

मुंबईत प्लेग

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचा रोगी सापडला. तो ओळखला डॉ. अकासियो व्हिएगस यांनी, जे मूळचे गोव्याचे. बघता बघता शहर ओस पडायला लागलं. गाड्या भरभरून माणसं गावाकडे निघाली आणि त्यांच्याबरोबर रोगही गेला. पुण्यात रोग्यांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले गेल्या. घराघरात घुसून तपासणी करणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्यांविषयी इतका संताप होता, की त्याच वर्षी जूनमध्ये चापेकर बंधूंनी रँडला गोळी घातली.

सरकारी डॉक्टर म्हटलं की लोक दारं लावून घ्यायचे, असा तो काळ. त्यात हाफकिन यांना प्लेगची लस बनवायची होती आणि लोकांना ती घ्यायला तयार करायचं होतं.

ऑक्टोबर १८९६ मध्ये ते मुंबईत दाखल झाले. ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली मिळाली. हाताशी एक कारकून आणि तीन शिपाई, तेही या कामात अगदी नवखे. दिवसरात्र काम करून तीन महिन्यांत लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती स्वतःला टोचून घेतली, आणि पुढे लोकांना द्यायच्या डोसापेक्षा कितीतरी जास्त घेतली. ताप भरला, अंग दुखलं, पण ते बरे झाले. मग भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला तेव्हा तिथल्या तयार असलेल्या कैद्यांना लस दिली गेली.

१८९८ मध्ये बडोदा संस्थानातल्या उंधेरा गावात त्यांनी एक साधी पण पक्की चाचणी केली. प्लेग गावात आलेलाच होता. त्यांनी प्रत्येक घरातल्या काही माणसांना लस दिली, काहींना दिली नाही. म्हणजे घर एक, चूल एक, पाणी एक, फरक फक्त लसीचा. पुढे लस न घेतलेल्यांत २६ जण दगावले, घेतलेल्यांत ३. आकडे बोलले, तशी मागणी वाढत गेली.

आगाखानांनी लसीच्या कामासाठी मुंबईतली आपली जागा दिली. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. तीच आजची हाफकिन संस्था.

मुल्कोवालचा तो दिवस

१९०२ मध्ये पंजाबात प्लेगने कहर केला. तिथल्या सरकारला लस हवी होती, तीही थोडीथोडकी नाही. परळमध्ये काम वाढलं. लस लवकर तयार व्हावी म्हणून हाफकिन यांनी कृतीत बदल केला. आधी लसीत कार्बोलिक आम्ल घालत असत, ते बंद करून फक्त उष्णतेने निर्जंतुक करण्याची पद्धत आणली. पॅरिसमध्ये ही पद्धत चालू होती, पण इथल्या इंग्रज डॉक्टरांना ती नवीन होती.

३० ऑक्टोबर १९०२. आज पाकिस्तानात असलेल्या पंजाबातलं मुल्कोवाल गाव. त्या दिवशी १०७ लोकांना लस टोचली गेली. त्यातल्या १९ जणांना एकाच बाटलीतून डोस मिळाला, नंबर ५३-एन. बाकीच्यांना काहीही झालं नाही. या १९ जणांना मात्र आठवडाभरात धनुर्वात झाला. जबडा आवळला, अंग ताठ झालं, आणि एकामागून एक सगळे गेले. धडधाकट माणसं होती ती. आजार होऊ नये म्हणून सुई घ्यायला आली होती.

सरकारने चौकशी समिती नेमली. मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश तिच्यावर होते. समितीने निष्कर्ष काढला की बाटली गावात उघडण्याआधीच, म्हणजे परळमध्येच, दूषित झाली होती. कार्बोलिक आम्ल सोडून दिल्याचा दोषही हाफकिन यांच्यावर आला. त्यांना कामावरून दूर केलं गेलं. ज्यांच्या नावाने लस ओळखली जायची, ते हाफकिन १९०४ मध्ये बदनामी घेऊन भारतातून निघाले. लोकांच्या मनातही लसीविषयी भीती बसली. प्लेग मात्र थांबला नव्हता.

बाटलीने खरं सांगितलं

पण चौकशीच्या कागदांतच एक गोष्ट नोंदलेली होती. लस टोचताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. त्याने तो उचलला, नीट निर्जंतुक न करता त्याच चिमट्याने ५३-एन बाटलीचं बूच काढलं.

धनुर्वाताचे जंतू कुठे राहतात हे शेतकऱ्याला सांगायला नको. मातीत, शेणखतात, गोठ्याच्या धुळीत. म्हणून तर पायात खिळा घुसला की आपण धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला धावतो.

दुसरा पुरावाही होता. ती बाटली परळमध्ये १९ सप्टेंबरला भरली होती. तेव्हापासून ४१ दिवस जंतू आत वाढत असते, तर बाटली उघडताच घाण वास सुटला असता. पण उघडताना वास आला नव्हता, हे तिथल्या डॉक्टरांनीच सांगितलं होतं. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटने हे सगळं पुन्हा तपासलं आणि उलट निष्कर्ष काढला. घाण परळमध्ये नाही, गावात बाटली उघडताना आत गेली.

मग काही शास्त्रज्ञ हाफकिन यांच्या बाजूने उभे राहिले. त्यात पुढे होते रोनाल्ड रॉस. डासामुळे मलेरिया होतो हे भारतात शोधून नोबेल मिळवणारे तेच हे रॉस. जुलै १९०७ मध्ये दहा नामवंत शास्त्रज्ञांच्या सहीचं पत्र लंडनच्या टाइम्समध्ये छापून आलं. त्याच वर्षाच्या अखेरीस सरकारला हाफकिन निर्दोष असल्याचं मान्य करावं लागलं. घटनेला पाच वर्षं होऊन गेली होती.

हाफकिन भारतात परतले, पण परळची जागा परत मिळाली नाही. कलकत्त्याला काम दिलं, तिथे लोकांवर लसीच्या चाचण्या करायची मोकळीक नव्हती. १९१४ मध्ये ते निवृत्त झाले आणि युरोपात परतले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात त्यांचं निधन झालं. त्याच्या पाच वर्षं आधी, १९२५ मध्ये, परळच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव दिलं गेलं होतं. तोवर तिथून प्लेग लसीचे अडीच कोटींहून जास्त डोस बाहेर गेले होते. १९६४ मध्ये भारत सरकारने त्यांच्या नावाने टपाल तिकीटही काढलं.

दोष कुणाचा, यापेक्षा चूक कुठे

या कहाणीत हाफकिन यांना न्याय मिळाला, उशिरा का होईना. पण त्या १९ कुटुंबांचं काय? चौकशीचा सगळा जोर चूक कुणाची हे ठरवण्यावर गेला. बोट परळकडे दाखवलं गेलं, आणि खरी चूक जिथे झाली तिथे, म्हणजे लस टोचायच्या टेबलावर, लक्षच गेलं नाही. एक माणूस काढून टाकला म्हणून दुसऱ्या गावात चिमटा पडायचा थांबणार होता का?

त्या मदतनिसाला एकट्याला फासावर चढवूनही काही साधलं नसतं. रांगेत शंभरावर माणसं, हातात एकच चिमटा, समोर धुळीची जमीन. अशा ठिकाणी काहीतरी पडणारच. पडल्यावर दुसरा स्वच्छ चिमटा हाताशी असावा, नाहीतर तोच पुन्हा उकळेपर्यंत काम थांबवावं, ही सोय आणि हा नियम हवा होता. माणूस चुकतो, हे धरूनच व्यवस्था करावी लागते.

आणि खरं बाहेर आलं ते नोंदींमुळे. बाटलीला नंबर होता, भरल्याची तारीख होती, कोणाला कोणत्या बाटलीतून डोस दिला हे लिहिलेलं होतं, चिमटा पडला हे कोणीतरी न लपवता सांगितलं होतं. यातलं एक जरी नसतं, तर हाफकिन कायमचे दोषी राहिले असते.

आपल्या गावात काय बघायचं

आज परिस्थिती खूप बदलली आहे. लसीकरणाची सिरिंज एकदा वापरली की आपोआप लॉक होते, दुसऱ्यांदा वापरताच येत नाही. गोवर-रुबेला आणि बीसीजीच्या बाटलीत पाणी मिसळलं की ती चार तासांत वापरायची, उरलेली टाकून द्यायची, असा नियम आहे. म्हणून मुलं कमी असली की सिस्टर बाटली उघडायला थांबतात, तेव्हा चिडू नये.

उपकेंद्रात किंवा दवाखान्यात सुई घेताना तीन गोष्टी बघाव्यात. सिरिंजचं पाकीट आपल्यासमोर फोडलं का? सुई किंवा बूच कशाला लागलं, खाली पडलं, तर बदललं का? लसीची नोंद कार्डावर झाली का? विचारायला लाजू नये, आणि विचारलं म्हणून सिस्टरनेही राग मानू नये. लस घेतल्यावर अर्धा तास तिथेच बसावं. घरी आल्यावर काही त्रास वाटला, तर आशाताईंना लगेच कळवावं, लपवू नये. ती माहिती वर गेली तरच चूक कुठे झाली ते सापडतं.

परळची लस चांगली होती. ती सुईपर्यंत पोहोचतानाचं शेवटचं हातभर अंतर तेवढं सांभाळलं गेलं नाही. मुल्कोवालच्या १९ जणांचा जीव त्या हातभर अंतरात गेला.