गाडीतला कॅट काढण्याआधी यूजीन हूड्रीची गोष्ट वाचा

मी बडनेऱ्याचा. आमच्याकडे बाबांची २००६ची पेट्रोल कार आहे. मागच्या उन्हाळ्यात तिचा पिकअप पार गेला. अमरावतीकडे जाताना जरा चढ आला की गिअर खाली टाकावा लागायचा. नव्या वस्तीतल्या गॅरेजवाल्या दादांनी खाली वाकून बघितलं आणि कॅट चोक झाल्याचं सांगितलं. तो कापून तिथं सरळ पाइप वेल्ड करू, अर्ध्या तासाचं काम आहे, आणि जुना डबा ठेवून घेऊ दिला तर मजुरीही नको, असं ते म्हणाले.

मजुरी नको म्हटल्यावर माझ्या डोक्यात पाल चुकचुकली. तिथल्याच स्टुलावर बसून मोबाईल काढला आणि या डब्याचा शोध घ्यायला लागलो. शोधता शोधता एका माणसाच्या आयुष्यात शिरलो.

आधी पेट्रोल वाढवणारा

यूजीन हूड्रीचा जन्म १८९२चा, पॅरिसजवळच्या दोमों गावातला. वडिलांचा पोलादाचा धंदा होता. हा शिकून मेकॅनिकल इंजिनिअर झाला. पहिल्या महायुद्धात तो रणगाडा दलात होता आणि १९१७ साली गंभीर जखमी झाला. युद्धानंतर त्याला मोटारींच्या शर्यतींचं वेड लागलं. गाडी जोरात पळवायची तर पेट्रोल चांगलं पाहिजे, आणि फ्रान्समध्ये तर खनिज तेलाचीच टंचाई. म्हणून हलक्या प्रतीच्या कोळशापासून पेट्रोल काढायची त्याची खटपट सुरू झाली. ते जमलं, पण खर्चाचं गणित बसेना.

मग तो जड तेलाकडे वळला. त्याचा हुकमी एक्का होता कॅटॅलिस्ट, म्हणजे उत्प्रेरक. हा पदार्थ रासायनिक क्रिया घडवून आणतो, पण स्वतः खर्च होत नाही. हूड्रीनं मातीसारखा एक उत्प्रेरक वापरून जड तेलाचे मोठे रेणू फोडले. उत्प्रेरकावर काजळी साचली की हवा सोडून ती जाळायची आणि तोच उत्प्रेरक पुन्हा वापरायचा.

१९३० साली तो अमेरिकेत गेला. १९३७ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या मार्कस हूक इथं त्याच्या पद्धतीचा मोठा कारखाना सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धात मित्रराष्ट्रांच्या विमानांना लागणारं उंची पेट्रोल याच पद्धतीनं भरपूर मिळालं. इकडे जर्मनांपुढे झुकलेल्या फ्रेंच सरकारला त्यानं उघड विरोध केला, तेव्हा त्या सरकारनं त्याचं नागरिकत्वच काढून घेतलं. १९४२ मध्ये तो अमेरिकन नागरिक झाला.

मग धूर साफ करायला निघालेला

युद्ध संपलं, गाड्या वाढल्या आणि लॉस एंजेलिसवर धुरकं साचायला लागलं. पेट्रोल मुबलक करून देणाऱ्या या माणसाला आता त्याच पेट्रोलच्या धुराची काळजी लागली. १९५०च्या सुमारास, साठीला टेकलेला असताना, त्यानं ऑक्सी-कॅटॅलिस्ट नावाची नवी कंपनी काढली. पुन्हा तोच एक्का, फक्त या वेळी सायलेन्सरच्या वाटेवर. १९५६ मध्ये त्याला पेटंट मिळालं.

आजच्या कॅटमध्ये मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते, बहुतेक वेळा सिरॅमिकची. तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या धातूंचा पातळ थर असतो. जाळी साधारण २५० ते ३०० अंशांपर्यंत तापली की विषारी कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, न जळलेल्या पेट्रोलचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतं, आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडचा साधा नायट्रोजन होतो. या धातूंमुळेच जुन्या डब्यालाही भाव असतो. मजुरी का नको होती, ते आता कळलं ना?

पण हूड्रीची गाडी एका जागी अडली. त्या काळी पेट्रोलमध्ये शिसं घालायचे. त्यानं इंजिनातली ठकठक थांबायची, पण शिशाचा थर बसला की कॅट निकामी व्हायचा. त्यामुळे त्याचे कन्व्हर्टर बिनशिशाच्या पेट्रोलवर चालणाऱ्या, गोदामातला माल उचलणाऱ्या फोर्कलिफ्टपुरतेच राहिले. १९६२ साली तो वारला. अमेरिकेत रस्त्यावरच्या नव्या गाड्यांना कॅट सर्रास बसायला लागले ते १९७५च्या मॉडेलांपासून, म्हणजे तो गेल्यानंतर तेरा वर्षांनी.

आपल्याकडे १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल कारना कॅट सक्तीचा झाला. देशभर सगळं पेट्रोल बिनशिशाचं व्हायला फेब्रुवारी २००० उजाडलं.

माझ्या गाडीचं काय झालं?

वाचता वाचता एक मुद्दा सापडला. कॅट सहसा उगाच खराब होत नाही. इंजिन मिसफायर करत असेल तर कच्चं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन जळतं आणि जाळी वितळू शकते. इंजिन ऑइल जळत असेल तर जाळीवर थर बसतो. म्हणजे दुखणं आधी इंजिनात शोधायला पाहिजे.

मी दादांना आधी प्लग काढून बघायची विनंती केली. ते थोडे कुरकुरले, पण काढले. एक प्लग काळाकुट्ट होता आणि त्याची वायर तडकलेली. प्लग, वायर आणि एअर फिल्टर बदलला. गाडी पहिल्यासारखी पळायला लागली. कॅट चोक झालेलाच नव्हता. दादांनीही ते मोकळेपणानं मान्य केलं.

कॅट खरंच चोक झाला असेल तर नवा बसवा. खर्च येतो, हे खरं. पण चांगला कॅट काढून ताकद वाढते ती अगदी नावापुरती. वर आवाज आणि वास वाढतो, पीयूसीत गाडी नापास होऊ शकते, आणि प्रदूषणाचा नियम मोडल्याबद्दल १०,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. आणि तो धूर खाणार कोण? सिग्नलला मागे स्कूटीवर थांबलेली आपलीच माणसं.

हूड्रीला आपला डबा प्रत्येक गाडीखाली बसलेला बघायला मिळाला नाही. आमच्या गाडीखालचा मात्र अजून जागेवर आहे. तुमच्या गाडीचा पीयूसी कधी संपतोय, ते एमपरिवहन अ‍ॅपवर आजच बघून घ्या. आणि कुणी कॅट काढायचा सल्ला दिला, तर आधी प्लग तपासायला सांगा.