विश्लेषण : भाजे लेण्यांतला सूर्य, सिलिकॉनमधले आर्सेनिक आणि दा. ध. कोसंबींचे 'सूर्य की अणू?'

पुणे-लोणावळा लोकलने मळवली स्थानकावर उतरले, की विसापूर किल्ल्याच्या पोटाला भाजे लेणी दिसतात. पावसाळ्यात इथे धबधब्यासाठी गर्दी होते. लेण्यांच्या दक्षिण टोकाच्या विहारात मात्र त्यातले थोडेच जण पोहोचतात. त्या विहाराच्या भिंतीवर चार घोड्यांच्या रथात बसलेली एक आकृती आहे आणि रथाखाली अक्राळविक्राळ देह चिरडलेले दिसतात. अनेक अभ्यासक या आकृतीला सूर्य मानतात, काहींना ते मान्य नाही.

याच मावळातून जाणाऱ्या 'डेक्कन क्वीन'ने एक गणिती कित्येक वर्षे पुण्याहून मुंबईला नोकरीला जात होते. सुटीच्या दिवशी ते मावळातल्या डोंगरांत आणि लेण्यांत फिरत. भारताने विजेसाठी अणूपेक्षा सूर्याकडे पाहावे, असे ते १९५०च्या दशकात सांगत होते. त्यांचे नाव दामोदर धर्मानंद कोसंबी. इतिहासकार म्हणून ते सगळ्यांना माहीत आहेत. सूर्याची बाजू घेणारे कोसंबी तेवढे परिचित नाहीत.

कोण होते दा. ध. कोसंबी?

जन्म ३१ जुलै १९०७, गोव्यात. वडील धर्मानंद कोसंबी पाली भाषेचे आणि बौद्ध साहित्याचे मोठे अभ्यासक. हार्वर्ड विद्यापीठात 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाचे काम करण्यासाठी धर्मानंद अमेरिकेला गेले, तेव्हा १९१८मध्ये ११ वर्षांचा दामोदरही सोबत होता. शालेय शिक्षणाचा बराच भाग तिथेच झाला. १९२९मध्ये हार्वर्डची पदवी सर्वोच्च श्रेणीत मिळवून ते भारतात परतले.

आधी बनारस हिंदू विद्यापीठ, मग अलिगढ. अलिगढला त्यांना फ्रेंच गणिती आंद्रे वेल यांनी बोलावले होते. तिथे असताना कोसंबींनी 'बुर्बाकी' नावाच्या, अस्तित्वातच नसलेल्या गणितज्ञाच्या प्रमेयावर एक खट्याळ शोधनिबंध छापून आणला. पुढे फ्रान्समधल्या गणितज्ञांच्या गटाने हेच टोपणनाव घेतले आणि ते जगभर गाजले. त्यानंतर कोसंबी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आले आणि बारा-एक वर्षे तिथे गणित शिकवले.

गणितात त्यांनी नेमके काय केले?

दोन गोष्टी आजही रोजच्या वापरात आहेत. पहिली आनुवंशशास्त्रातली. गुणसूत्रावर दोन जनुके एकमेकांपासून किती दूर आहेत, हे काढण्याचे सूत्र त्यांनी १९४४मध्ये मांडले. पिकांच्या नव्या जातींवर काम करणाऱ्या प्रयोगशाळांत 'कोसंबी मॅप फंक्शन' आजही वापरले जाते.

दुसरी इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यांना वेगळ्या नावाने भेटते. गुंतागुंतीच्या माहितीतले मोजकेच महत्त्वाचे आकृतिबंध वेगळे काढण्याची एक पद्धत आहे. हवेच्या किंवा पाण्याच्या प्रवाहाचा अभ्यास करताना आणि प्रतिमांवर प्रक्रिया करताना ती लागते. पाठ्यपुस्तकांत ती कार्हुनेन आणि लोएव्ह यांच्या नावावर आहे. कोसंबींनी तीच कल्पना १९४३मध्ये एका भारतीय गणित नियतकालिकात छापली होती.

मग इतिहासाकडे कसे वळले?

तराजूमुळे. संख्याशास्त्र जमते का हे तपासायला त्यांना खरा डेटा हवा होता आणि त्यांनी प्राचीन नाणी निवडली. चलनात फिरणारे नाणे झिजते. जितका काळ हातोहाती फिरेल, तितके वजन कमी. तक्षशिलेच्या साठ्यातली आणि इतर हजारो नाणी त्यांनी एकेक करून तोलली आणि वजनावरून त्यांचा काळाचा क्रम लावला.

नाणी पाडली कोणी, ती चलनात का होती, हे प्रश्न त्यातूनच आले. मग ते ग्रंथांकडे वळले. भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती १९४८मध्ये निघाली. १९५६मध्ये भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची ओळख करून देणारा ग्रंथ आला. राजांच्या याद्यांऐवजी शेती, अवजारे, व्यापार आणि जमातींपासून त्यात इतिहास सांगितला होता. 'मिथ अँड रिअॅलिटी' १९६२चे, तर प्राचीन भारताच्या संस्कृतीवरचे पुस्तक १९६५चे.

भाजे, कार्ले, बेडसे लेण्यांशी त्यांचा संबंध काय?

इतिहास वाचनालयात बसून कळत नाही, पायी फिरून कळतो, अशी त्यांची धारणा होती. हातात काठी, गळ्यात कॅमेरा आणि बोलणे गुराख्यांशी, शेतकऱ्यांशी, देवळातल्या बायकांशी. गावची जुनी देवी कुठली, जत्रा कधी, कोण कुठून येते, हे ते विचारत.

भाजे लेणी साधारण इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातली. लहानमोठी मिळून २२. चैत्यगृहाच्या छताला मूळच्या लाकडी फासळ्या अजून आहेत. एका पाण्याच्या टाक्यावर ते देणाऱ्या महारठी विण्हुदत्ताचे नाव कोरलेले आहे. जवळच्या कार्ल्याच्या शिलालेखांत धेनुकाकट नावाच्या ठिकाणचे दाते येतात आणि त्यांत यवनही आहेत. हे धेनुकाकट कुठले, यावर कोसंबींनी १९५५मध्ये लेख लिहिला.

त्यांचा मुद्दा साधा होता. भिक्खूंनी विजनवास शोधला म्हणून ही लेणी इथे झाली, हे अर्धेच उत्तर. कोकणातल्या बंदरांवरून माल बोरघाटाने वर चढत असे. लेणी त्या वाटेवर आहेत. व्यापाऱ्यांनी दान दिले आणि विहार वाटेवरचे आधार झाले. त्याहूनही जुना थर देवीचा. कार्ल्याच्या चैत्याच्या दारात एकवीरा आहे, मुंबईचे कोळी बांधव आजही तिला येतात. माणसांच्या वाटा आणि देवीची ठाणी लेण्यांच्या आधीपासूनची आहेत, अशी त्यांची मांडणी होती.

पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर त्यांना दगडाची इवलीशी हत्यारे सापडली. बोटाच्या पेरापेक्षा लहान, धारदार पाती. ती चाल्सेडनी या गारेसारख्या दगडाची असतात आणि हा दगड सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत तयार होतो. चाल्सेडनी म्हणजे जवळपास सगळी सिलिका, म्हणजेच सिलिकॉन आणि ऑक्सिजन. ज्या बेसॉल्टमध्ये भाजे लेणी कोरली, त्याचाही साधारण निम्मा भाग सिलिकाच. विजेचा प्रश्न आला तेव्हा हेच सिलिकॉन पुन्हा समोर येते.

सिलिकॉन आणि आर्सेनिकची जोडी कशासाठी?

एप्रिल १९५४मध्ये अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेने सिलिकॉनची सौर बॅटरी जाहीर केली. पडलेल्या उन्हापैकी सुमारे ६ टक्के ऊर्जा ती विजेत बदलत होती. तिच्या मुळाशी होते आर्सेनिक, सोमल या विषातले मूलद्रव्य.

सिलिकॉनच्या अणूला बाहेरच्या कक्षेत चार इलेक्ट्रॉन असतात. शेजारच्या चार अणूंशी तो चार बंध करतो, हात मोकळा राहत नाही. म्हणून शुद्ध सिलिकॉन वीज नीट वाहू देत नाही. आर्सेनिककडे पाच इलेक्ट्रॉन असतात. सिलिकॉनच्या जाळीत एका अणूच्या जागी आर्सेनिक बसवला, की चार इलेक्ट्रॉन शेजाऱ्यांशी बांधले जातात आणि पाचवा मोकळा फिरतो. दहा लाख अणूंमागे एखाद-दुसरा आर्सेनिकही पुरेसा असतो.

बेलच्या संशोधकांनी आर्सेनिक मिसळलेल्या सिलिकॉनच्या पृष्ठभागावर बोरॉनचा अतिशय पातळ थर मुरवला. बोरॉनकडे तीनच इलेक्ट्रॉन, म्हणजे तिथे एक जागा रिकामी. दोन थर भेटतात तिथे विद्युत क्षेत्र तयार होते. ऊन पडले की सुटलेले इलेक्ट्रॉन एका बाजूला ढकलले जातात आणि तारेतून वीज वाहते.

आर्सेनिक प्रमाणाबाहेर घातले तर काय? जाळीत मावेल तेवढेच मावते. उरलेले सिलिकॉनशी स्वतंत्र संयुग करते. त्याला सिलिकॉन आर्सेनाइड म्हणतात. त्यात दोन्हींचे अणू समसमान असतात आणि रचना पत्त्यांच्या गड्डीसारखी थराथरांची असते. दोन-एक प्रमाणाचे संयुगही आहे. चिपच्या कारखान्यात असे कण तयार होणे म्हणजे आर्सेनिक वाया जाणे, कारण त्यातला पाचवा इलेक्ट्रॉन बंधात अडकतो.

आजच्या घरावरच्या पॅनेलमध्ये आर्सेनिकची जागा बहुतेक फॉस्फरसने घेतली आहे, त्याच्याकडेही पाचच इलेक्ट्रॉन असतात. चिपनिर्मितीत आर्सेनिक अजून वापरात आहे. घन सिलिकॉनमध्ये ते घट्ट बांधलेले असते, पण कारखान्यात लागणारा आर्सिन वायू अत्यंत विषारी असतो.

कोसंबी सूर्याच्या बाजूने का उभे राहिले?

१९४५मध्ये होमी भाभांनी त्यांना टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावले. भाभा देशाचा अणुकार्यक्रम उभा करत होते. कोसंबी त्याच संस्थेत राहून जाहीरपणे वेगळे बोलू लागले. जागतिक शांतता चळवळीत ते सक्रिय होते आणि अण्वस्त्रांचा धोका त्यांच्या बोलण्यात कायम असे. १९५७मध्ये त्यांनी सूर्य की अणू, असा थेट प्रश्न करणारा लेख लिहिला. जुलै १९६०मध्ये पुण्यात रोटरी क्लबसमोर भारतासाठी अणुऊर्जा या विषयावर भाषण केले.

त्यांचे म्हणणे असे : ऊन भारतात भरपूर आहे आणि त्यावर कोणाची मक्तेदारी नाही. ते गावोगाव पडते, म्हणून लांबलचक तारा न ओढता जागेवर वापरता येईल. सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक झाला, तर शेण चुलीऐवजी शेतात जाईल आणि जंगल वाचेल. अणुभट्टी महाग, तंत्रज्ञान बाहेरचे आणि किरणोत्सारी कचऱ्याचे काय करायचे हा प्रश्न कायमचा.

अडचणीही खऱ्या होत्या. तेव्हा सिलिकॉनच्या सौर विजेचा खर्च वॅटमागे शेकडो डॉलर होता, ती उपग्रहांनाच परवडत होती. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेने बनवलेली सौरचूल बाजारात चालली नव्हती. भाभांकडे आराखडा, निधी आणि पंतप्रधानांचा पाठिंबा होता. कोसंबींकडे तर्क होता.

शेवट कसा झाला?

१९६२मध्ये संस्थेने त्यांचा करार वाढवला नाही. अणुधोरणावरची टीका हे एक कारण मानले जाते. दुसरे कारण गणितातले. रीमान गृहीतक या अतिशय कठीण प्रश्नाचा उलगडा केल्याचा दावा त्यांनी कृषी संख्याशास्त्राच्या एका नियतकालिकात केला होता. तो टिकला नाही आणि गणितज्ञांमध्ये त्यांची प्रतिष्ठा घसरली.

१९६४मध्ये पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत त्यांना मानद वैज्ञानिक म्हणून जागा मिळाली. २९ जून १९६६ रोजी पुण्यात झोपेतच त्यांचे निधन झाले, वय ५८. त्याच वर्षी जानेवारीत भाभा विमान अपघातात गेले होते. तारापूरचा अणुवीज प्रकल्प १९६९मध्ये सुरू झाला. तो दोघांनीही पाहिला नाही.

आज कोणाचे बरोबर ठरले?

२०२५च्या सुरुवातीला भारताची सौर क्षमता १०० गिगावॅटच्या पुढे गेली. अणुवीज अजून १० गिगावॅटच्या आत आहे. पण हे आकडे शेजारी ठेवून निकाल देता येत नाही. सौर पॅनेल रात्री बंद असते, पावसाळ्यात मंद. अणुभट्टी दिवसरात्र चालते, त्यामुळे तेवढ्याच क्षमतेतून कितीतरी जास्त युनिट देते. साठवणुकीची बॅटरी स्वस्त होत नाही, तोवर हा वाद संपणार नाही.

शिवाय सौर वीज आली ती कोसंबींच्या कल्पनेइतकी गावाच्या हातात नाही. मोठा वाटा राजस्थान-गुजरातेतल्या महाकाय प्रकल्पांचा आहे, आणि कमी पडेल म्हणून ज्या तारा त्यांना नको होत्या, त्याच तारांवरून ती वीज येते. छतावरचे पॅनेल आणि शेतातला सौरपंप त्यांच्या मांडणीच्या जास्त जवळचे. २०२४मध्ये सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेचे लक्ष्य एक कोटी घरांचे आहे. वीज किती तयार झाली यासोबत ती कोणाच्या मालकीची, हा त्यांचा प्रश्न त्या घरांच्या छतावर अजून खुला आहे.