सयाजीराव गायकवाड आणि धंदेशिक्षणाची भाषा

बडोद्याचे महाराजा सयाजीराव गायकवाड (१८६३–१९३९) हे साहित्याच्या अभ्यासकांना ग्रंथालयांचे प्रवर्तक व ग्रंथमालांचे आश्रयदाते म्हणून परिचित आहेत. त्यांनी स्थापन केलेल्या कलाभवन या धंदेशिक्षणसंस्थेचा विचार मात्र सहसा उद्योगांच्या इतिहासात केला जातो. ही विभागणी सोयीची असली तरी यथार्थ नाही. कारागिराला पोट भरण्याची विद्या कोणत्या भाषेतून द्यावी, हा प्रश्न महाराजांच्या चरित्रात प्रारंभापासून अखेरपर्यंत आढळतो, आणि तो जितका उद्योगाचा तितकाच वाङ्मयाचाही आहे.

नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात, गायकवाड घराण्याच्या एका शेतकरी शाखेत त्यांचा जन्म झाला. त्यांचे मूळ नाव गोपाळराव. १८७५ मध्ये मल्हारराव पदच्युत झाल्यावर खंडेरावांच्या पत्नी जमनाबाई यांनी २७ मे रोजी त्यांना दत्तक घेतले. त्या वेळी बारा वर्षांच्या या मुलाला अक्षरओळखही नव्हती. एलियट या इंग्रज शिक्षकाच्या देखरेखीखाली त्यांना मराठी, गुजराती, उर्दू व इंग्रजी अशा चार भाषा शिकाव्या लागल्या. २८ डिसेंबर १८८१ रोजी राज्यकारभाराचे संपूर्ण अधिकार त्यांच्या हाती आले. उमजत्या वयात निरक्षरतेतून साक्षरतेकडे आलेला हा राज्यकर्ता होता. त्यामुळे शिक्षण ही त्याच्या लेखी वारशाने आलेली गोष्ट नव्हती. अमरेली भागात १८९३ साली आणि सर्व संस्थानात १९०६ साली सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू करण्याचे धैर्य त्यांनी दाखविले, याची संगती या पूर्वायुष्याशी लावता येते.

कलाभवनाची स्थापना १८९० सालची. तिचे पहिले प्रमुख त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे सुरतच्या सुतार समाजातून आलेले रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. हा काळ ध्यानात घेतल्यावाचून संस्थेचे महत्त्व उमगत नाही. १८६९ पासून मंजिष्ठाचा लाल रंग कारखान्यात कृत्रिम रीतीने बनू लागला होता आणि १८९७ मध्ये कृत्रिम नीळही बाजारात आली. गुजरातेतील रंगारी व छिपे यांच्या हातचे कौशल्य काही कमी झाले नव्हते. परंतु नव्या रंगांची कृती आता आजोबांकडून नातवाकडे जात नव्हती. ती रसायनाच्या पुस्तकांत होती, आणि ती पुस्तके जर्मन व इंग्रजी भाषांत होती. म्हणजे कारागीर मागे पडला तो हाताने नव्हे, भाषेने. कलाभवनात रंगकाम व छपाई, चित्रकला, स्थापत्य, यंत्रकाम असे विभाग निघाले आणि शिक्षणाचे माध्यम देशी भाषा, मुख्यतः गुजराती, ठेवण्यात आले. इंग्रजी न येणाऱ्या मुलालाही येथे प्रवेश होता. त्या काळातील उच्च शिक्षणाच्या चौकटीत ही गोष्ट अपवादात्मकच म्हणावी लागेल.

माध्यम ठरले तरी पुस्तके नव्हती आणि पुस्तके लिहावी तर शब्द नव्हते. म्हणून गज्जरांनी महाराजांच्या पाठबळाने ‘ज्ञानमंजूषा’ ही ग्रंथमाला व शास्त्रीय परिभाषेचे काम हाती घेतले. परंतु संस्थानी कारभाराशी त्यांचे मतभेद वाढत गेले आणि १८९६ मध्ये त्यांनी बडोदे सोडले. पुढे स्वदेशीच्या चळवळीत कलाभवनाकडे दूरदूरच्या प्रांतांतून विद्यार्थी येऊ लागले. मुंबई व अहमदाबादच्या गिरण्यांत त्यांना कामेही मिळाली. पण देशी भाषेतील तांत्रिक ग्रंथांचा ओघ वाढला नाही. उलट इंग्रजीचेच वजन वाढत गेले.

याचे कारण केवळ व्यक्तींच्या मतभेदात शोधणे पुरेसे नाही. महाराजांच्याच कारकीर्दीत १९३१ साली ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा राज्यव्यवहाराचा बहुभाषिक कोश प्रसिद्ध झाला. तो सिद्धीस गेला, कारण त्या शब्दांचा वापर करणारी कचेरी संस्थानाच्याच आज्ञेत होती. गिरणी तशी नव्हती. तेथील यंत्रे, त्यांची माहितीपत्रके आणि बव्हंशी वरचे अधिकारी परदेशातून येत. राजा विद्यार्थ्याला भाषा देऊ शकत होता, परंतु नोकरी देणाऱ्याची भाषा बदलणे त्याच्या हाती नव्हते.

तथापि कलाभवनाचे फळ नोकऱ्यांच्या संख्येवरून मोजणे अन्यायाचे होईल. धुंडिराज गोविंद फाळके येथेच चित्रकला व वास्तुकला शिकले, आणि छायाचित्रणाची प्रयोगशाळा गज्जरांनी त्यांना मोकळी करून दिली. ज्या धंद्याचा १८९० मध्ये जन्मही झाला नव्हता, त्या चित्रपटधंद्याचा भारतातील पाया त्यांनी १९१३ मध्ये घातला. ठराविक नोकरीसाठी घडविलेला विद्यार्थी ती नोकरी संपताच निरुपयोगी ठरतो. साधनांशी मोकळेपणाने झटू दिलेला विद्यार्थी नवा धंदा निर्माण करतो, हे या उदाहरणावरून दिसते.

कुशल माणसे घडविण्याचा महाराजांचा दुसरा मार्ग परदेशी शिष्यवृत्त्यांचा होता. १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. १९१७ मध्ये ते बडोद्यास रुजू झाले, तेव्हा त्यांना शहरात राहावयास जागा मिळेना. कचेरीतही अस्पृश्यतेची वागणूक वाट्यास आली आणि अल्पावधीतच त्यांना परत जावे लागले. या संस्थानात अस्पृश्यांच्या शाळा तत्पूर्वी सुमारे पस्तीस वर्षे चालू होत्या, ही गोष्ट येथे मुद्दाम लक्षात घ्यावयास हवी. शिक्षण मिळाले, पदही मिळाले. परंतु शिकलेल्या माणसाला बिऱ्हाड देण्यास समाज तयार नव्हता. कामासाठी विद्यार्थ्याची तयारी करून घेणे हे शिक्षणाचे अर्धेच कार्य होय. उरलेले अर्धे कार्य त्या विद्यार्थ्यासाठी समाजाची तयारी करून घेण्याचे असते, आणि ते हुकमाने होत नाही.

सयाजीरावांचे ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत निधन झाले. १९४९ मध्ये बडोद्यात त्यांच्या नावाचे विद्यापीठ उभे राहिले. कलाभवन त्यात तंत्रविद्येची शाखा म्हणून सामील झाले, आणि तेथील अध्यापन इंग्रजीतून होऊ लागले. संस्था टिकली, तिची मूळ भाषिक प्रतिज्ञा मात्र मागे पडली. आपल्या भाषांचे वाङ्मयेतिहास कविता, कादंबरी व नाटक यांची नोंद साक्षेपाने घेतात. रंगाऱ्यासाठी, सुतारासाठी, यंत्रकाम करणाऱ्यासाठी लिहिल्या गेलेल्या आणि लिहावयाच्या राहून गेलेल्या पुस्तकांचा इतिहास त्यांत क्वचितच येतो. ज्या भाषेत माणूस आपले काम शिकू शकत नाही, त्या भाषेकडे तो केवळ विसाव्यापुरता वळतो. सयाजीरावांनी हा धोका फार लवकर ओळखला होता. त्यांच्या प्रयत्नांचे अपुरेपण हे त्यांच्या चरित्राचे वैगुण्य नसून पुढील पिढ्यांकडे राहिलेले काम आहे, आणि त्यात भाषांच्या अभ्यासकांचाही वाटा आहे.